गाडी दोन गल्ल्या अलीकडे

दिवाळी अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहायला घेतल्यात, असं सांगितल्यावर बायको म्हणाली, "लोक चकली खात वाचणार, आणि तुम्ही काय लिवणार? बेडक्याचं?" तिचं खरं आहे. फराळाच्या ताटाशेजारी ठेवायचा हा विषय नव्हे. पण मी शिक्षक नव्हतो, वकील नव्हतो, बँकेतही नव्हतो. मी सरकारी क्षयरोग विभागात होतो. सोप्या भाषेत सांगायचं तर लोकांना गोळ्या गिळताना बघणं हा माझा धंदा होता, आणि त्याचाच पगार घेऊन मी येळ्ळुरात घर बांधलं, पोरींची लग्नं केली.

थट्टा वाटेल, पण काम तेच. टीबीच्या गोळ्या सहा महिने रोज घ्याव्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, अंग धरतं, आणि माणसाला वाटतं, झालो की बरा. तिथं गोळ्या सुटल्या की रोग उलटतो, आणि उलटलेला रोग साध्या गोळ्यांना दाद देत नाही. म्हणून समोर उभं राहून गिळायला लावायचं आणि कार्डावर खूण करायची. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी डबी देऊन बेडका तपासायला न्यायचा. डबीत थुंकी देऊन भागत नाही. सकाळी उठल्या उठल्या छातीतून खाकरून काढलेला बेडका लागतो. हे समजावण्यात माझी निम्मी नोकरी गेली. थुंकी कुठली आणि बेडका कुठला, हे डबी हलवून सांगणारा मी निपाणी भागातला एकमेव माणूस असेन. त्याचा मला अभिमान आहे, हसायचं तर हसा.

शेवटचा बेडका स्वच्छ निघाला की कार्डावर 'बरा झाला' असं लिहायचं. कार्ड बंद, फाईल बंद, माणूस यादीतून बाहेर. ते दोन शब्द लिहिताना मला दरवेळी बरं वाटायचं. संध्याकाळी घरी जाताना पेढे घेऊन जायचो.

या धंद्यातली एक रीत बाहेरच्यांना माहीत नसते. पहिलं वर्ष सोडलं तर मी पेशंटच्या दारात कधीही गाडी लावली नाही. दोन गल्ल्या अलीकडे, एखाद्या किराणा दुकानासमोर नाहीतर देवळापाशी मोटरसायकल उभी करायची आणि पिशवी घेऊन चालत जायचं. गाडी दारात दिसली की गल्ली ओळखायची. मग त्या घरातली पोरगी खपत नाही, त्या घरच्या हळदीकुंकवाला बायका येत नाहीत, नळावर घागर लांब ठेवायला सांगतात. ही रीत मला कुणी शिकवली नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या गाडीमुळे एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून मीच ती पाळली, आणि नव्या पोरांनाही शिकवली. कुणी विचारलंच तर मी विम्याचा एजंट. एकदा जत्राटच्या एका म्हाताऱ्यानं मला रस्त्यात अडवून खरोखरच पॉलिसी मागितली. महिनाभर तो माझ्या मागे होता. शेवटी मी त्याला एका खऱ्या एजंटाचा नंबर दिला.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो, ती सांगतो. टीबी बरा झालेली माणसं पुढे कशी जगतात, हा प्रश्न मी नोकरीत फार उशिरा विचारला. जंतू मरतात, पण त्यांनी छातीत केलेली पडझड तशीच राहते. फुफ्फुसाला वण पडतात, भाग आखडतो. बेडका स्वच्छ, रोग नाही, कुणाला लागण होण्याची भीती नाही, तरी माणूस जिना चढताना मध्येच बसतो आणि खोकून खोकून रडकुंडीला येतो. अशी माणसं माझ्याकडे परत यायची. मी पुन्हा डबी द्यायचो, पुन्हा तपासणी स्वच्छ यायची, आणि मी सांगायचो, "तुम्हाला काही झालेलं नाही, जावा." ती जायची. कुठं जायची, हे मला मारुतीनं दाखवलं.

मारुती नंदगडकडचा. घरची थोडी भातशेती, आणि बेळगावात एका कारखान्यात नोकरी. टीबी बरा होऊन वर्ष झालं होतं, पण दम जात नव्हता. मी निपाणीला यायच्या आधी खानापूर भागात होतो, तेव्हाची गोष्ट. एक दिवस तो मला बसस्टँडवर भेटला आणि मी त्याला ओळखलंच नाही. गाल फुगलेले, मान भरलेली, चेहरा गोल गरगरीत.

"अण्णा, वळखला न्हाईसा?" तो हसत म्हणाला. "चिनी औषध चालू केलंय. बगा की कसं अंग धरलंय. दम बी न्हाय, काय न्हाय. दोन भाकरी खायचो, चार खातोय."

बेळगावात भाड्याच्या एका खोलीत कुणी चिनी वैद्य बसायचा. वैद्य काही चिनी नव्हता, कुठून तरी आलेला आपलाच माणूस होता. भिंतीवर अंगभर ठिपके काढलेल्या माणसाचं चित्र, आणि पुड्यांच्या लाल कागदावर चिनी अक्षरं. मी मारुतीला विचारलं, त्यानं काय तपासलं? मारुती म्हणाला, "जीभ बगितली, दोन्ही हाताची नाडी बगितली. म्हणाला, तुमच्या छातीतला ओलावा आटलाय. अण्णा, खरं सांगू? मला तसंच वाटतं बगा. आत कोरडं पडल्यागत. तुमी कधी इचारलंच न्हाईसा."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा ऐकूनही ऐकलं नाही. पुड्यांमुळे माणूस असा सुजलाय, हे माझ्या लक्षात आलं होतं, आणि डोकं तापलं होतं. मी त्याच्या घरी गेलो, फडताळातल्या सगळ्या पुड्या काढल्या आणि त्याच्या बायकोसमोर चुलीत घातल्या. दोन दिवसांनी मारुती अंगणात कोसळला. त्याला उचलून दवाखान्यात न्यावं लागलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन झाडलं. पुडीत झाडपाला असेल नसेल, पण त्यात स्टिरॉईड कुटून घातलेलं असणार, असं ते म्हणाले. अशी पुडी महिनोन् महिने खाल्ली की शरीर तिच्यावर अवलंबून राहतं. ती एकदम तोडायची नसते, डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरवायची असते. "पुडी घेऊन यायची होती माझ्याकडे," ते म्हणाले. "जाळायची नव्हती." मारुती वाचला. पण नंतर मी गावात गेलो की तो घरात असूनही बायको "शेताकडं गेल्यात" असं सांगायची.

यातून मी शिकायला हवं होतं की घाई करू नये, विचारून करावं. मी शिकलो ते एवढंच, की चिनी औषध म्हणजे विष. अर्धा धडा घेऊन माणूस पुढे गेला की काय होतं, ते अनसाक्काच्या घरी दिसलं.

अनसाक्का गेल्या थंडीत गेली. टीबीनं नव्हे, दमलेल्या छातीनं. तिच्या मुलाला, विलासला, विचारूनच मी हे लिहितो आहे. तो म्हणाला, "लिवा अण्णा. आईनं लपवायचं सोडलं, मग आमी कशाला लपवू?" नावं मात्र मी सगळ्यांचीच बदलली आहेत.

निपाणीत विड्या वळून तिनं संसार केला. नवरा लवकर गेला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं यंत्रासारखी चालायची. मी गोळ्या द्यायला गेलो तरी हात थांबत नसत. तंबाखूची बारीक धूळ घरभर. चहाच्या कपातही तिचा वास. सहा महिने मी तिच्यासमोर उभा राहिलो. ती गोळ्या तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि तोंड उघडून दाखवायची. "बगा, गिळलं. लिवा." हे तिचं रोजचं बोलणं. रिकामी पाकिटं तुळशीच्या कुंडीखाली दडवायची. एका दिवसाचा खाडा नाही. माझ्या सबंध नोकरीत असा पेशंट विरळा.

त्याच काळात विलासचं लग्न ठरत होतं. मुलगी संकेश्वरची, पूनम. आक्कानं माझे हात धरले होते. "अण्णा, हे नाव त्यांच्या कानावर जाऊ नये. माझ्या पोराचं वाटोळं हुईल." मी म्हटलं, माझ्याकडून जाणार नाही. शेवटची तपासणी स्वच्छ आली, मी कार्डावर 'बरी झाली' लिहिलं, आणि पंधरा दिवसांनी लग्नाला गेलो. व्याह्यांशी माझी ओळख विम्याचे साहेब म्हणून करून दिली. मीही हात जोडले आणि पंगतीला बसून जिलेबी खाल्ली.

पाच-सहा महिन्यांनी आक्काचा फोन. खोकला सुरू झाला होता, नळावरून घागर आणताना दम लागत होता. मी डबी दिली. तपासणी स्वच्छ. महिन्याभराने पुन्हा दिली, पुन्हा स्वच्छ. छातीच्या फोटोत जुने वण तेवढे होते. मी आनंदानं सांगितलं, "आक्का, काही नाही तुम्हाला. बऱ्या आहात."

ती सूप मांडीवर घेऊन बसली होती. हात थांबला. "तुमच्या कागदावर बरी हाय व्हय मी? मग माझ्या छातीला बी सांगा की जरा."

मी हसलो. ती हसली नाही.

पूनम पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा झाला. इकडे आक्काचा खोकला गल्लीला ऐकू जायला लागला होता. वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेली की ओळीतल्या बायका सरकून बसायच्या. कुणीतरी ही बातमी संकेश्वरपर्यंत नेली. पूनमच्या आईनं निरोप धाडला, की म्हातारीचा खोकला कसला आहे ते कळल्याशिवाय पोरीला आणि बाळाला पाठवणार नाही. आम्ही येऊन बघू आणि मग ठरवू. नातू तीन महिन्यांचा होत आला होता. आक्कानं त्याला फक्त विलासच्या मोबाईलवर बघितलं होतं.

आक्काचा भाचा जहाजावर स्वयंपाकी आहे. तो सुट्टीवर येताना सिंगापूरहून एक बाटली घेऊन आला. काळं, काकवीसारखं दाट औषध, लाल-सोनेरी चिठ्ठीवर चिनी अक्षरं. जहाजावरचे चिनी लोक खोकल्याला हेच घेतात, असं तो म्हणाला. एक चमचा घेतला की तास-दोन तास घशाला आराम पडायचा. आक्का ते रोज घेत नव्हती. कुणी येणार असेल तेव्हाच घ्यायची. उरलेलं दोन बोटं औषध तिनं व्याही येण्याच्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी सोमवारी सहज चौकशीला गेलो, तर भिंतीतल्या देवळीत ती बाटली. चिनी अक्षरं बघितली आणि मला मारुतीचा सुजलेला चेहरा दिसला. "हे विष आहे आक्का," मी म्हणालो. मी काय काय बोललो, ते सगळं लिहीत नाही. सहा महिने सरकारच्या गोळ्या खाल्ल्या त्या काय यासाठी, असंही बोललो. बाटली पिशवीत टाकली. मारुतीच्या वेळचं एवढं लक्षात होतं म्हणून ओतली नाही, आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवायला घेतली. आक्का उठून उभी राहिली. "अण्णा, बेस्तरवारपतुर तरी ठेवा," एवढंच म्हणाली. बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, काय आहे, हे मी विचारलं नाही.

गुरुवारी व्याही आणि विहीणबाई आले. पूनम आणि बाळ संकेश्वरातच. आक्कानं नवं लुगडं नेसून चहा केला. चहा दिला आणि खोकल्याची उबळ आली. ती थांबेना. पदर तोंडात कोंबून ती मोरीपाशी जाऊन बसली. विलास पाठ चोळत होता. विहीणबाईंनी भरलेला कप तसाच खाली ठेवला, आणि दोघं उठून गेले.

हे मला विलासनं फोनवर सांगितलं. मी धावत गेलो. गाडी, सवयीप्रमाणे, दोन गल्ल्या अलीकडे. आक्का भिंतीला टेकून बसली होती. सूप बाजूला पडलं होतं. तिला मी कधी रिकाम्या हातानं बसलेली बघितली नव्हती.

"माझी बाटली न्हेलासा," ती म्हणाली. "माझा नातू बी न्हेलासा."

 

बाटली अजून माझ्या पिशवीत होती. दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून मागची बारीक इंग्रजी अक्षरं वाचली. मध, कसली कसली पानं, मुळ्या, ज्येष्ठमध. "यावर लिहिलंय तेवढंच आत असेल, तर घशाला बरं वाटेल, यापलीकडे काही नाही. आत खरंच काय आहे, हे मी सांगू शकत नाही, म्हणून घ्या असंही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. मी विचारलं, चीनमध्ये टीबीनंतरच्या दम्या-खोकल्याला हे लोक देतात, ते खोटं का? "खोटं कशाला म्हणू? त्यांची जुनी विद्या आहे, आपल्या आयुर्वेदासारखी. टीबीनंतरच्या खोकल्यावर तिकडे औषधं देतात, त्याचा अभ्यासही करतात म्हणे. ठाम सांगण्याएवढं मला माहीत नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "पण तुम्ही मला हे सांगा, ही बाई दोनदा आपल्याकडे आली. आपण तिला काय दिलं?"

मी म्हटलं, "डबी."

"मग ती चीनला नाही जाणार तर कुठं जाणार?"

आक्काला मी मॅडमकडे घेऊन गेलो. तिथं यंत्रात फुंकायला लावून छातीत किती हवा मावते ते मोजतात. ही तपासणी आहे हे मला ऐकून माहीत होतं, पण बरा झालेला माझा एकही पेशंट मी तिथं पाठवला नव्हता. माझ्या लेखी तो यादीतून गेलेला असायचा. आक्काचा आकडा वाईट होता. मॅडमनी पंप दिला, चुलीचा धूर बंद करायला सांगितला, आणि जमेल तितकं तंबाखूपासून लांब राहायला सांगितलं. यातलं शेवटचं कसं जमायचं, हे त्यांनाही माहीत नव्हतं. पोट त्याच्यावरच होतं. शेवटी आक्कानं सूप उंबऱ्याबाहेर, वाऱ्याला नेलं. दम लागला की नाकानं श्वास घेऊन, शीळ घातल्यासारखे ओठ करून सावकाश सोडायचा, हेही मॅडमनी शिकवलं. आक्का लाजली. "ह्या वयात बायमाणसानं शीळ घालायची व्हय?" पण घरी गेल्यावर घालायची. विलास सांगायचा, आई रोज सकाळी तुळशीपुढं बसून शीळ घालते, आवाज मात्र येत नाही.

महिन्याभरात थोडा फरक पडला. सगळा नाही. गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, हे मॅडमनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, आणि स्पष्ट सांगितल्याचंच तिला बरं वाटलं होतं. पण नातू संकेश्वरातच होता.

मी विलासला म्हटलं, मी जाऊन व्याह्यांना सांगतो, हा खोकला लागणारा नाही. विलास म्हणाला, "कोण म्हणून सांगणार? विम्याचे साहेब म्हणून?"

 इतकी वर्षं मी ज्या रिवाजाचा अभिमान बाळगला, तो असा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. रोग झालाय हे आम्ही कुणाला कळू दिलं नव्हतं, तर मग रोग गेलाय हे तरी कुणाला आणि कसं सांगणार? गल्लीला ऐकू येत होता तो फक्त खोकला. लग्न मोडू नये म्हणून मी गाडी लांब लावली, त्यात माझी चूक नव्हती असं मला अजून वाटतं. पण बरं झाल्यानंतरही मी ती लांबच लावत राहिलो.

आक्का उंबऱ्यात बसून ऐकत होती. विडीला दोरा बांधला, सुपात टाकली आणि म्हणाली, "इलास, त्यास्नी बोलाव. पूनमला आन बाळाला बी घिऊन या म्हणावं. आल्यावर काय ते ठरवा, पर एकदा या म्हणावं. आन अण्णा, त्या दिशी तुमी गाडी दारात लावा."

"आक्का, गल्ली बघंल."

"बगू दे की. त्यासाठनंच सांगतोय."

रविवारी सकाळी मी मोटरसायकल त्या गल्लीत घातली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.  दारासमोर स्टँडवर लावली. पाठीमागच्या पेटीवर खात्याचं नाव कन्नडमध्ये लिहिलेलं होतं. ते मी इतर वेळी फडक्यानं झाकायचो, आज झाकलं नाही. समोरच्या ओट्यावरच्या बायका वाचत होत्या.

थोड्या वेळानं रिक्षातून मंडळी उतरली. व्याही, विहीणबाई, आणि मागे बाळाला दुपट्यात घेतलेली पूनम. विहीणबाईंनी पूनमला हातानं दारातच थांबवलं. "आमी आत येत न्हाय. काय बोलायचं ते हितंच बोला."

आक्का उंबऱ्यावर उभी राहिली. "हितंच बोलतो," ती म्हणाली, आणि आवाज वाढवला. समोरच्या ओट्यापर्यंत जाईल इतका. "हे विम्याचं साहेब न्हवंत. टीबीचं हैत. मला टीबी झालता. लग्नाच्या आदी झालता, आन लग्नाच्या आदी बरा बी झालता. तुमच्यापासनं लपवलं, ही माझी चूक. ह्यांची न्हाय, माझ्या पोराची न्हाय. आता जो खोकला हाय तो जळल्या चुलीची राख हाय. इस्तू न्हाय त्यात."

मी मॅडमनी लिहून दिलेला कागद पुढे केला आणि जे सांगायचं ते सांगितलं. तपासण्या किती वेळा स्वच्छ आल्या, लागण का होत नाही, खोकला कशाचा आहे. माझं बोलणं व्याह्यांनी ऐकून घेतलं. विहीणबाई मात्र लाल झाल्या होत्या. "फसवलासा आमाला. पोरगी दिली आमी, आन तुमी फसवलासा."

  ते खरंच होतं.

मागून पूनम बोलली. "आई, मला ठावं होतं."

सगळे वळले. "नांदायला आल्यावर म्हैन्याभरात तुळशीची कुंडी सरकवून झाडलं, तवा गोळ्यांची पाकिटं गावली. नाव मोबाईलवर बगितलं. मला टीबीचं भ्या न्हवतं, तो बरा होतोय हे साळंत शिकलोय. मला ह्या साहेबांचं भ्या वाटायचं. सारखं विम्याचं साहेब येत्यात, आन घरात पॉलिसी एक बी न्हाय. ही माणसं माझ्यापासनं आनखी काय काय लपवत असतील, ह्या भ्यानं मी म्हायेरात ऱ्हायलो."

विलास खाली बघत होता. आक्काचे डोळे भरले. मला जमिनीत जावंसं वाटलं. पोरीनं कुंडी सरकवली, तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. आमच्या हुशारीला एकटे आम्हीच फसलो होतो.

"आता काय लपवलंय का?" पूनमनं विचारलं.

"न्हाय गं बाय," आक्का म्हणाली. "एक चिनी बाटली होती, ती बी अण्णांनी न्हेली."

पूनमला हसू आलं. तिनं आईचा हात बाजूला केला आणि उंबऱ्यासमोर येऊन उभी राहिली. आपल्याकडे सून पहिल्यांदा बाळ घेऊन आली की दारात भाकरतुकडा ओवाळून टाकतात, आणि मग आजी बाळाला घेऊन आत जाते. भाकरतुकडा तयार नव्हता. आक्कानं घरात केलाच नव्हता, येतील याचा भरवसा कुठं होता? तेव्हा समोरच्या ओट्यावरची, महिनोन् महिने सरकून बसणारी बाई उठली, आपल्या घरात गेली आणि भाकरीचा तुकडा व पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं तो आक्काच्या हातात दिला, हाताला हात लावून. आणि परत वळताना माझ्याजवळ थांबून हळूच म्हणाली, "माझा बी खोकला बगतासा काय?"

आक्कानं तुकडा ओवाळून टाकला. हात पुढे केले, आणि मध्येच थांबली. तिला धाप लागली होती. पदरानं तोंड झाकून, शीळ घातल्यासारखे ओठ करून तिनं एक लांब श्वास सोडला. मग आणखी एक.  मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"अण्णा, सा म्हैनं तुमच्याम्होरं गोळ्या गिळल्या. आता तुमच्याम्होरं नातवाला घेतो. नीट बगा."

पूनमनं बाळ तिच्या हातांत दिलं. आक्कानं त्याला छातीशी धरलं, त्याच जुन्या, आखडलेल्या छातीशी, आणि त्याच्या टाळूवर गाल टेकून उभी राहिली. कार्ड कधीच बंद झालं होतं, पेनही माझ्याजवळ नव्हतं.

"बगितलासा?" ती म्हणाली. "आता लिवा. बरी झाली."